प्रवेशोत्सवाच्या आदल्या दिवशी

जूनच्या मध्यावर राज्यातल्या शाळा उघडतात. विदर्भात उन्हाचा कडाका पाहून थोड्या उशिरा. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, पटांगणात रांगोळी, पहिलीत आलेल्या मुलाच्या हातात गुलाबाचं फूल आणि कोरी पाठ्यपुस्तकं, असा प्रवेशोत्सव जिल्हा परिषदेच्या दोन खोल्यांच्या शाळेतही होतो. तो व्हायलाच हवा. शाळा आपली वाट पाहत होती, असं मुलाला वाटणं ही काही छोटी गोष्ट नाही. पण या उत्सवाच्या आदल्या दिवशी त्या शाळेत काय काय झालं, हे सहसा कुणी विचारत नाही. दीड महिना बंद राहिलेली पाण्याची टाकी धुतली का? स्वच्छतागृहाच्या नळाला पाणी येतं का? कडी लागते का? मुलांना आणणाऱ्या व्हॅनचं योग्यता प्रमाणपत्र कुणी डोळ्यांखालून घातलं का? मुलांचं आरोग्य आणि सुरक्षितता या विषयावर आपल्याकडे योजना, परिपत्रकं आणि समित्या यांची वाण नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या दुर्घटना, साथी आणि पाहण्या एकत्र ठेवून पाहिल्या, की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. मुलांना इजा होते ती नियम नसतात म्हणून क्वचितच. ती होते नियम रोज पाळण्याचं काम नेमकं कुणाचं, हे ठरलेलं नसतं म्हणून. शाळेत काय ‘आहे’ हे आपण मोजतो. काय ‘चालतं’ हे मोजायला हवं.

शाळा ही मुलांच्या आरोग्याची जागा आहे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू झालं आणि पाठोपाठ १९०९ मध्ये बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली; देशातली अशी ही पहिली तपासणी मानली जाते. मुलाला शाळेत यायला भाग पाडायचं, तर तिथे त्याच्या शरीराची जबाबदारीही घ्यायची, हे त्यामागचं सरळ तर्कशास्त्र. स्वातंत्र्यानंतर रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखालच्या शालेय आरोग्य समितीने १९६१ च्या अहवालात तपासणी, उपचार, पोषण आणि शाळेचा परिसर यांचा एकत्र विचार मांडला. पुढे फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातला विलंब अशा तीसएक बाबी तपासतं. हृदयाला छिद्र असलेली, ऐकू न येणारी, चष्म्याची गरज असलेली असंख्य मुलं या पथकांनी हुडकून काढली आहेत. या कामाचं मोल मोठं आहे. मात्र पथक वर्षातला एक दिवस येतं आणि मूल शाळेत दोनशेहून अधिक दिवस असतं. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून डोळे बारीक करणारं मूल पथकाच्या आधी वर्गशिक्षिकेला दिसतं. तपासणीत दोष सापडल्यावर त्या मुलाला तालुक्याच्या रुग्णालयात नेलं का आणि चष्मा मिळाल्यावर ते तो घालतं का, हेही तिलाच कळतं. वर्षातल्या एका दिवसाला अर्थ येतो तो उरलेल्या दिवसांमुळे.

पाणी आणि स्वच्छतागृहापासून सुरुवात करू, कारण ‘आहे’ आणि ‘चालतं’ यांतलं अंतर तिथे आकड्यांत दिसतं. सरकारी नोंदीत जवळजवळ प्रत्येक शाळेत स्वच्छतागृह आहे. पण ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत कार्यकर्ते देशभरातल्या शाळांत प्रत्यक्ष गेले, तेव्हा मुलींसाठी वापरण्याजोगं स्वच्छतागृह सुमारे ७२ टक्के शाळांतच मिळालं आणि पिण्याचं पाणी त्या दिवशी उपलब्ध होतं ते सुमारे ७८ टक्के शाळांत. कागदावरची आणि प्रत्यक्षातली स्वच्छतागृहं यांच्यातल्या या फरकात कुलूप लागलेली दारं आहेत, तुटलेल्या कड्या आहेत, पाणी नसलेले नळ आहेत. स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच न पिणारी मुलगी हा या फरकाचा खरा अर्थ. तिला मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, डोकं दुखतं, वर्गात लक्ष लागत नाही आणि पाळीच्या दिवसांत ती घरी राहते. आता टाकीकडे जरा जवळून पाहू. मे महिनाभर साचलेल्या पाण्याच्या तळाशी गाळ बसलेला असतो आणि आतल्या बाजूला बोट फिरवलं तर बुळबुळीत थर लागतो. त्यावर नुसतं नवं पाणी भरून भागत नाही. टाकी पूर्ण रिकामी करायची, ब्रशने घासायची, धुतलेलं पाणी काढून टाकायचं, झाकण नीट बसतं का पाहायचं आणि मग भरायची. हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम या मापाने टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पाण्यात कालवून, वरचं निवळ द्रावण टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. नंतर नळाचं पाणी नळीत घेऊन क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टचे थेंब टाकायचे. पिवळी छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला हे सगळं येतं. एका दुपारचं काम आहे. अडतं ते एवढ्यावरच, की शाळेची टाकी त्याच्या कामात धरायची की मुख्याध्यापकांच्या, हे कुठे लिहिलेलं नसतं.

हात धुण्याचंही तसंच. शाळा आणि बालवाड्यांमधल्या हात धुण्याच्या उपक्रमांवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले, तर मुलांमधला अतिसार सुमारे ३० टक्क्यांनी घटतो असं दिसतं. त्यातले बरेच प्रयोग श्रीमंत देशांतले आहेत, ही मर्यादा मान्य करावी लागेल. पण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत वस्तीपातळीवर झालेल्या प्रयोगांतही जवळपास तेवढाच फरक दिसला. इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक उपाय दुसरा सापडणं अवघड. करोनाच्या काळात आपण तो केलाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातल्या वरच्या वर्गांच्या शाळा उघडल्या आणि जानेवारीत थोडा काळ बंद होऊन २४ जानेवारी २०२२ पासून पुन्हा भरल्या, तेव्हा दारोदारी साबण होता, बेसिनं होती, रांगा होत्या. भीती ओसरली तसा साबणही संपला. ही दोष देण्यासारखी गोष्ट कमी आणि शिकण्यासारखी जास्त आहे. भीतीपोटी लागलेली शिस्त भीतीइतकीच टिकते; टिकाऊ व्हायची असेल तर ती वेळापत्रकात बसवावी लागते. शालेय पोषण आहाराच्या आधीची दहा मिनिटं हात धुण्यासाठी राखून ठेवली आणि साबण आणण्याची जबाबदारी एका माणसावर टाकली, तर वेगळी मोहीम लागत नाही. जंतनाशक गोळीचंही हेच. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला ती मुलांना दिली जाते आणि द्यायलाच हवी. पण स्वच्छतागृह बंद आणि हात धुवायला पाणी नाही अशा शाळेत काही महिन्यांतच जंत परत येतात.

शाळा उघडतात तेव्हाच पाऊसही येतो, त्यामुळे आपल्याकडे ‘शाळेत परतणं’ म्हणजे साथींच्या हंगामात परतणं. २०२३ च्या जुलैमध्ये डोळे येण्याची मोठी साथ राज्यभर पसरली. तिचा सुरुवातीचा उद्रेक पुणे जिल्ह्यात आळंदीच्या शाळकरी मुलांमध्ये दिसला होता. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे शाळेच्या वेळेतच. आणि तो वाढतो स्वच्छ साठलेल्या पाण्यात, म्हणजे गच्चीवरच्या फुटक्या बादलीत, कुंडीखालच्या ताटलीत, पटांगणात खेळायला ठेवलेल्या जुन्या टायरात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा साठलेलं सगळं पाणी ओतून कोरडा दिवस पाळला तर ही साखळी तुटते. लसीकरणाबाबत पालकांची एक गैरसमजूत दूर व्हायला हवी. दीड-दोन वर्षांपर्यंतचं कार्ड भरलं की काम झालं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्यावरच्या लसीचा दुसरा बूस्टर पाच ते सहाव्या वर्षी, म्हणजे बरोबर पहिलीच्या प्रवेशावेळी असतो आणि धनुर्वात-घटसर्पाची लस पुन्हा दहाव्या आणि सोळाव्या वर्षी. लहानपणी मिळालेलं संरक्षण ओसरतं आणि मग घटसर्प शाळकरी वयात डोकं वर काढतो. करोनाकाळात राहून गेलेल्या डोसांची किंमत २०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीने गोवराच्या उद्रेकात मोजली. त्यात बालकांचे जीव गेले. पहिलीच्या प्रवेशावेळी जन्मदाखल्याबरोबर लसीकरणाचं कार्ड पाहावं, मात्र लस राहिली म्हणून प्रवेश अडवू नये. जवळच्या आरोग्य केंद्राला त्या मुलांची यादी द्यावी. कार्ड नाही म्हणून शाळाच नाकारली, तर ज्याला लसीची सर्वांत जास्त गरज आहे तेच मूल आरोग्ययंत्रणेच्या नजरेआड जाईल.

आजारी मुलाला घरी ठेवा, हे सांगणं सोपं आहे. यावर पालकांचा आक्षेप खरा आणि वजनदार असतो: आई-बाप दोघंही रोजावर जात असतील, तर मूल घरी ठेवणं म्हणजे एकाची मजुरी बुडणं. म्हणूनच शाळेने ‘बरं नसेल तर येऊ नका’ असं मोघम सांगून भागत नाही. औषधाशिवाय चोवीस तास ताप आला नाही की मुलाला पाठवता येतं. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत थांबायचं; गोवरात पुरळ उठल्यापासून निदान चार दिवस. नुसतं वाहणारं नाक, अंगावरचा न पसरणारा डाग, डोक्यातल्या उवा यांसाठी शाळा बुडवण्याची गरज नाही. नेमका नियम कळला की अनावश्यक रजा टळते आणि आवश्यक रजा पाळली जाते. आणखी एक गोष्ट शाळांच्या हातात आहे. शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस बंद करावं. तापाने फणफणलेल्या मुलाला ढाल मिळावी म्हणून वर्गात बसवणारा सत्कार त्याच्याही हिताचा नाही आणि शेजारच्याच्याही नाही.

आता अशा घटनांकडे येऊ, ज्यांची तारीखच आपल्याला काही सांगते. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणममध्ये शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवताच्या छपरावर गेली आणि ९४ मुलं गेली. बरोबर नऊ वर्षांनी, १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेलं होतं. पहिल्या घटनेनंतरच्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केलं, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. दुसऱ्या घटनेने मात्र नियमांच्या मर्यादा उघड्या केल्या. मुलांना वाढण्याआधी अन्न मोठ्या माणसांनी चाखावं, ही सूचना योजनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत आधीपासून होती. ती त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात पाळली गेली असती, तर पातेलं कदाचित मुलांपर्यंत पोचलंच नसतं. आज आपल्या शाळांत खिचडी चाखून नोंदवहीत सही करण्याची पद्धत आहे. पण ती सही जेवण झाल्यावर, आठवड्याची एकदम होऊ लागली, की आपण पुन्हा त्याच जागी उभे असतो. चमचाभर खिचडी तोंडात घालायची, वास घ्यायचा, थोडं थांबायचं आणि मग वाढायला सांगायचं. या थांबण्यातच नियमाचा सगळा जीव आहे.

शाळेच्या फाटकाबाहेरचा धोका आपण सर्वांत कमी मनावर घेतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली. त्यांतली सुमारे साडेनऊ हजार अठरा वर्षांखालची होती. सकाळी साडेसहाला कुठल्याही शहरातल्या चौकात उभं राहिलं तर कारण दिसतं. रिक्षात मागे सहा-सात मुलं, चालकाच्या दोन्ही बाजूंना एकेक, दप्तरं बाहेर हुकाला लटकलेली. महाराष्ट्रात शालेय बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियमावली आहे; प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी आणि बसमध्ये सहायक असावा, असं ती सांगते. चार वर्षांवरच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट कायद्याने बंधनकारक आहे. पालक म्हणतात, बस परवडत नाही. हे खरं आहे, आणि म्हणूनच समितीने रिक्षा-व्हॅनकडे डोळेझाक करून उपयोग नाही. गाडी कुणाची, मुलं किती, चालकाचा परवाना आहे का, याची वही शाळेने ठेवली तर गर्दी कमी होते, कारण कुणीतरी मोजतंय हे चालकाला ठाऊक असतं. फाटकासमोर शाळा सुटण्याच्या वेळी अर्धा तास वाहनांना मज्जाव केला, तर त्यासाठी पैसाही लागत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर सीसीटीव्ही, पोलिस पडताळणी, तक्रारपेटी यांबाबतचे आदेश पुन्हा काढले गेले. ते आवश्यक होते. तरीही शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या नेमण्याचा शासन निर्णय त्याआधीच, मार्च २०२२ मध्ये झाला होता. पॉक्सो कायद्यानुसार अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणं हा २०१२ पासूनच गुन्हा आहे. मुलांवरच्या अशा गुन्ह्यांत बहुतांश आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात, हे गुन्ह्यांची राष्ट्रीय आकडेवारी वर्षानुवर्षं दाखवते. कॅमेरा घडलेलं नोंदवतो. मुलाचं बोलणं ऐकण्यासाठी माणूस लागतो. चार वर्षांच्या मुलीला शौचाला कोण नेतं, तिथे महिला सेविका आहे का, तिने आईला काही सांगितलं आणि आईने शाळेला, तर पुढच्या तासाभरात काय करायचं हे लिहिलेलं आहे का, हे प्रश्न कॅमेऱ्यांच्या संख्येपेक्षा आधीचे आहेत. मुलाला ‘नको’ म्हणायला शिकवणं चांगलंच. पण स्वतःच्या रक्षणाचं ओझं चार वर्षांच्या लेकरावर टाकून मोठ्यांना मोकळं होता येणार नाही.

या सगळ्यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला शिक्षकांचा. जनगणना, निवडणुका, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं या अशैक्षणिक कामांखाली ते दबले आहेत. त्यात टाकी आणि नळ कशाला? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर शिक्षकांकडून आणखी काम काढणं हे असू शकत नाही. टाकी जलसुरक्षकाची, स्वच्छतागृह सफाई कामगाराचं, व्हॅनची वही पालकांची, अशी वाटणी करता येते. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक ठेवले आहेत ते यासाठीच. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ आहे. पैशाचं म्हणाल, तर समग्र शिक्षा योजनेतल्या शाळा अनुदानातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी वापरायचा असतो. तो अपुरा आहे, विशेषतः कमी पटाच्या शाळांना. सफाई कामगाराच्या नियमित मानधनाची तरतूद शासनाने स्वतंत्रपणे केलीच पाहिजे. मुलांच्या स्वच्छतागृहाची सफाई मुलांच्याच हातून करून घेऊन ही तूट भरून काढणं कुणालाही शोभणारं नाही.

दुसरा आक्षेप असा, की इतकी काळजी घेतली तर मुलं नाजूक होतील. मातीत खेळून, पडून-झडूनच ती वाढतात. यातला अर्धा भाग पूर्ण सत्य आहे. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जादा उघड्यावर घालवायला दिली, तेव्हा तीन वर्षांत लांबचं न दिसण्याचा दोष जडलेल्या मुलांचं प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिलं. पटांगण हेही आरोग्याचं साधन आहे, आणि भीतीपोटी खेळाचा तास काढून घेणं ही मुलांची हानीच. पण गुडघा फुटणं आणि गढूळ पाणी पिणं यांत फरक आहे. पहिल्यातून मूल आपल्या शरीराचा अंदाज घ्यायला शिकतं. दुसऱ्यातून काहीच शिकत नाही, नुसतं आजारी पडतं. मोठ्यांनी करायच्या गोष्टी मोठ्यांनी चोख केल्या, तरच मुलांना मोकळं सोडता येतं. पाणी, अन्न, वाहन आणि विश्वासाची माणसं यांची खात्री असलेल्या शाळेतलं मूल झाडावर चढलं तरी चालेल.

म्हणून पालकांना एक विनंती. यंदा शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी तासभर काढा आणि मुलाच्या शाळेत जा. टाकीचं झाकण उघडून पाहा, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी लावून पाहा, नळ सोडून पाहा, गच्चीवर साठलेलं पाणी ओता, व्हॅनमध्ये किती जागा आहेत ते मोजा. जे बिघडलेलं सापडेल त्यापुढे दुरुस्त करणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून तो कागद मुख्याध्यापकांच्या खोलीत लावा, आणि दर महिन्याला तो पुन्हा वाचा. दुसऱ्या दिवशी गुलाबाचं फूल हातात घेऊन फाटकातून आत येणाऱ्या मुलाला यातलं काहीच कळणार नाही. ते कळावं लागू नये, हीच आपली जबाबदारी.